तोंड हलव, आवाज नको

कनका चर्चच्या गायकवृंदात बरेच महिने गात होती, तरी आपण नेमकं कोणतं गाणं गातो हे तिला कळलेलं नव्हतं. हसू नका. बाई साठीची, टेलिफोन खात्यात जन्म घालवलेली, दोन गावांतली दोन माणसं तारेवर अचूक जोडून देणारी. वेंधळी म्हणावी अशी नव्हेच. पण दर शुक्रवारी तालमीला जायचं, पाक्कियम नावाच्या निवृत्त नर्सबाईंच्या शेजारी उभं राहायचं, वृंदाच्या सरांनी शिकवलेली ओळ म्हणायची, आणि मैलापूरला घरी येऊन कॉफीचं दूध तापवताना तेच गुणगुणायला गेलं की तोंडातून काय निघायचं? तीन सूर. घाण्याच्या बैलासारखे तेच ते तीन सूर, गोल गोल. आणि तिच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहणारी रुचिरा कपडे वाळत घालताना त्याच गाण्याचं म्हणून जे गुणगुणे, ते मात्र खरोखरीचं गाणं असे. चढायचं, वळायचं, खाली येऊन विसावायचं.

एकाच कागदावर, एकाच नावाखाली, दोघींची दोन गाणी. मग चुकीचं कोणाचं? हे कनकाला शोधावं लागत नसे. ते तिला लहानपणापासून पाठ होतं. चूक तिची.

तिचे वडील, म्हणजे अप्पा, तंजावरकडच्या मराठी घरातले. घरात बोलायचं ते पूर्वजांनी तंजावरला नेलेलं जुनं मराठी, बाजारात तमिळ, ऑफिसात इंग्रजी, आणि देवापुढे अभंग. शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे भजन होई. मराठीचा एक शब्द न समजणारे शेजारी माना डोलावत बसत आणि शेवटी पानावरचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, खाऊन समाधानाने घरी जात. अप्पांना सगळे भागवतर, म्हणजे भजनीबुवा, म्हणत. त्यांचा गळा उंच आणि पातळ, श्रुती अडीच कट्टैची. कट्टै म्हणजे इथली स्वरपट्टी, आणि अडीच म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलीच चढी. अप्पांना त्या अडीच कट्टैचा असा काही अभिमान होता, की ती जणू देवानेच त्यांच्या नावे लिहून दिली होती.

कनकाचा गळा मुळातला जाड. भजनात बायकामुली वरच्या सप्तकात जात, आणि ही दोन-चार पायऱ्या त्यांच्याबरोबर चढून हळूच बाजूच्या एका खालच्या सुरावर उतरे. तिथून चालीच्या कडेकडेने चालत राही. वाईट गोष्ट अशी की तिला तिथे फार बरं वाटे. दुसऱ्या कोणालाच वाटत नसे. अप्पा टाळ थांबवून बघत, ती गप्प होई, पुन्हा सुरू झालं की पुन्हा तेच. एका शनिवारी सगळ्यांसमोर ते म्हणाले, "कनके, तूं तोंड हलव. आवाज नको." रागावले नव्हते. चपला बाहेर काढ, म्हणून सांगावं इतक्या सहज त्यांनी सांगितलं. तिनेही चपला काढाव्यात तसा आवाज काढून ठेवला.

तेव्हापासून ती तोंड हलवत आली. त्यात तिने इतकं कौशल्य मिळवलं की बघणाऱ्याला वाटावं, भजनाचा अर्धा भार हिच्याच खांद्यावर आहे.

लग्नाच्या वयात मुलाकडची माणसं बघायला आली तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलाची आई म्हणाली, एक गाणं होऊ दे. अप्पांनी खरं तेच सांगितलं. "तिला गाणें येत नाहीं." भागवतरांच्या मुलीला गाणं येत नाही? मग आणखी काय काय येत नसेल! सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, खाऊन माणसं गेली ती गेलीच. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. तिसऱ्या खेपेला कनकानेच सांगितलं की आता बज्जी तळायला माझ्याच्यानं होणार नाही. सुटले बाई, असं ती पुढे म्हणायची. खोटं. तिला वाईट वाटलं होतं, आणि फार वाईट वाटलं होतं.

टेलिफोनवर मात्र तिचा आवाज चाले. समोरची माणसं पुरुष समजून तिला "सार", म्हणजे सर, म्हणत, इतका तो जाड. तिने कोणाचीच चूक दुरुस्त केली नाही.

अप्पा गेले, भजन मोठ्या भावाकडे गेलं. वादिराज बँकेतून निवृत्त झालेला, सज्जन, पण अप्पांच्या बाबतीत अगदी सोवळा. अप्पांची विजेवर चालणारी, तंबोऱ्यासारखा एकच आधारसूर धरून ठेवणारी श्रुतिपेटी होती, तिच्या खुंटीवर अप्पांनी औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावून ठेवली होती, कोणी चुकून अडीच कट्टै हलवू नये म्हणून. वादिराजने ती पट्टी देवघरातल्या वस्तूसारखी जपली. दर शनिवारी कनका त्याच्या घरी जाई, भिंतीला टेकून बायकांत बसे आणि तोंड हलवे.

अशी ही बाई चर्चमध्ये पोचली ती रुचिरामुळे. रुचिरा नागपूरची, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात. पुण्याला कॉलेजात असताना ती अशाच एका वृंदात गायची. बंदराच्या बाजूला जे जुनं चॅपल आहे, तिथे आवाज कमी पडताहेत असं तिला कळलं, पण तमिळ येईना, एकटीने जायचा धीर होईना.

"मावशी, चला ना माझ्याबरोबर. पहिल्या दिवशी फक्त."

"मी कशाला ग? मला गाणें येत नाहीं."

"गायला कोण सांगतंय? नुसत्या बसा."

"नुसतें बसायला येतें मला," कनका म्हणाली, आणि गेली.

ते चॅपल कंपनीच्या काळात गव्हर्नरसाठी बांधलेलं. भिंतीवर इंग्लंडच्या राजाचं चिन्ह, सिंह आणि शिंगवाला घोडा. लोक अजूनही त्याला राजाचं चॅपल म्हणतात. अगदी पुढे दोन उंच पाठीच्या खुर्च्या, लाल गाद्यांच्या. त्या राजाच्या माणसासाठी राखलेल्या. राजा गेला, त्याचा माणूस गेला, पण खुर्च्या रोज पुसल्या जातात आणि त्यांवर कोणी बसत नाही. कनकाने दारात चपला काढल्या, अनवाणी आत आली, पंखा नेमका कुठे आहे ते पाहिलं आणि त्यातल्या एका खुर्चीवर जाऊन बसली.

तालीम थांबली. वृंदाचे प्रमुख ज्ञानराज सर, ऐंशीच्या घरातले, काटकुळे, कानात ऐकायचं यंत्र, तिच्यापाशी येऊन तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, ही राजाची खुर्ची आहे."

"राजा येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

सरांनी विचार केला. "ते आम्हालाही नीट सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही जरा तिकडे बसा."

तिकडे म्हणजे पाक्कियमबाईंच्या बाकावर. रुचिरा समोरच्या बाकावर, वरच्या आवाजांत. गाणं सुरू झालं, समोरच्या मुली वर चढल्या, आणि कनकाला काय झालं कोण जाणे. उंच छत, ओळखीचं कोणी नाही, समोर अप्पांचा फोटो नाही. डोळे मिटून ती सवयीने खालच्या सुरावर उतरली, आणि अर्धामुर्धा आवाज बाहेर सांडला. पाक्कियमबाईंनी मान वळवून पाहिलं. कनकाने चटकन ओठ आवळले. चोरी पकडली गेली होती.

"सार," पाक्कियमबाई म्हणाल्या, "ह्यांना आमची ओळ कोणी शिकवली?"

कोणी शिकवणार! सरांनी तिला पुन्हा म्हणायला सांगितलं, ती काही म्हणेना. ते हसले आणि म्हणाले, "शुक्रवारी येताना चपला आत घालून या. फरशी गार असते." हीच तिची भरती. हो म्हणायला कोणी विचारलं नाही, नाही म्हणायला तिला सुचलं नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला गोंधळ म्हणावं तर गोंधळात निदान संबळ तरी असतं, ताल असतो. इथे तालच नाही! स्तोत्र म्हणायचं म्हणजे अख्खं वाक्य एका सुरावर रेटत न्यायचं आणि शेवटच्या शब्दांशी चार पायऱ्या धडाधड उतरायच्या. कनका सवयीने मांडीवर हाताने ताल धरी, आणि तो कोणत्याच मात्रेवर पडत नसे. समोरासमोर दोन बाकं, एक चरण त्यांनी म्हणायचा, एक ह्यांनी. ती हमखास समोरच्यांच्या चरणात तोंड घाले. एकदा सगळे आवाज एकमेकांत मिसळून असे काही थांबले की छतापर्यंत शांतता पसरली, आणि त्या शांततेत कनका मैलापूरच्या गाण्याच्या सभेत बसल्यासारखी मोठ्याने म्हणाली, "आहा! भले!" पाद्रीबाबांनी पुस्तकात तोंड लपवलं.

या सगळ्याची तिला लाज वाटली, पण खरा काटा वेगळाच होता. आपण बरोबर गातो की चूक? तिने रुचिराला विचारलं.

"मावशी, चार आवाज असतात. वरच्यांकडे चाल असते, तुमच्याकडे मधली ओळ. चारही मिळून गाणं होतं."

"मग गाणें कोणाचें?"

"सगळ्यांचं."

"तसें कसें होईल? अभंग चौघांनी चार तऱ्हेनें म्हटला तर त्याला भजन नाहीं ग म्हणत. भांडण म्हणतात."

रुचिरा हसत सुटली. कनकाला हसू आलं नाही. तिने सरांनाच गाठलं. "सार, मी सुरात आहे का? खरं सांगा."

"आहात," सर म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी तिला सुरात आहेस म्हणालं, आणि त्याच्या कानात यंत्र! कनकाने नशिबाला हात जोडले. त्यातून हे सर विचित्र. एखाद्या शुक्रवारी सगळ्यांचे घसे बसलेले दिसले की ऑर्गनपाशी बसून म्हणत, "आज एक पायरी खाली घेऊ." आणि खुशाल घेत. देवाचं गाणं, आणि त्याची पट्टी माणसांचे घसे बघून उतरवायची! अप्पांनी असल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. कनका अशा दिवशी घरी येऊन उगाच अस्वस्थ असे, आणि का ते तिला सांगता येत नसे.

दिवाळीत ती वादिराजकडे जेवायला गेली तेव्हा तो म्हणाला, "चर्चांत गातीस म्हणे. देव काय रागवत नाहीं. पण आम्हांला ऐकव तरी."

ती नको नको म्हणाली. वहिनी, त्रिपुरसुंदरी, हात पुसत बाहेर येऊन बसली. शेवटी कनकाने डोळे मिटले आणि आपली ओळ म्हटली. चॅपलमध्ये, पाक्कियमबाईंच्या शेजारी, ऑर्गनच्या सावलीत ती ओळ कशी भरल्यासारखी वाटे. इथे झोपाळ्यावर बसून तिचे ते तीन सूर निघाले, फिरले, परत आले, पुन्हा फिरले. वहिनी बिचारी मन लावून ऐकत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "गाणें केव्हां सुरू होईल?"

वादिराज खो खो हसला. मग बहिणीचा चेहरा बघून थांबला आणि प्रेमानेच म्हणाला, "जाऊं दे कनके. अप्पा खरें तेंच सांगत." कनकाही हसली. घरी येऊन भांडी घासताना मात्र तिला रडू आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बरी होते की मुकी, तिला वाटलं.

तरी शुक्रवारी ती गेली. का गेली? विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रुचिराला सोबत म्हणून, असं ती स्वतःला सांगत होती, पण रुचिराला आता बस, ट्रेन, तमिळ शिव्या सगळं येत होतं.

नाताळच्या आधीची मोठी संध्याकाळची उपासना आली. चॅपल माणसांनी भरलं. पांढरे झगे घालून, मेणबत्त्या घेऊन वृंद आत गेला, कनका चपला घालून. सगळं ठीक चाललं होतं. शेवटचं गाणं निघालं, आणि त्याचं शेवटचं कडवं. त्याबद्दल सरांची सूचना होती की या कडव्यात चार आवाजांच्या वेगळ्या ओळी नाहीत, सगळ्यांनी चालच म्हणायची, एका सुरात. इतरांना यात काहीच वाटलं नाही. कनकाला मात्र अप्पांचे टाळ आठवले. एक चाल, सगळे मिळून, वरच्या पट्टीत. म्हणजे शनिवारचं भजनच की! पहिल्या चरणातच तिचा गळा वरच्या पायरीशी अडला. खाली उतरायला आज परवानगी नव्हती. मग तिने इतकी वर्षं केलं तेच केलं. आवाज काढून ठेवला आणि तोंड हलवलं. झकास हलवलं. शेजारच्या पाक्कियमबाईंनाही कळलं नाही.

उपासना संपल्यावर झगे खुंटीला लावताना सर तिच्याजवळ आले. "शेवटच्या कडव्यात तुम्ही कुठे होतात?"

कनकाच्या हातातून हँगर पडला. "गात होते, सार."

"नव्हतात."

एवढ्या गलबल्यात, ऑर्गन गरजत असताना, या यंत्रवाल्या माणसाला ऐकू कसं गेलं? सरांना तिचा चेहरा वाचता आला असावा. ते म्हणाले, "गाताना मी हे यंत्र बंदच ठेवतो. ऑर्गन सुरू झाला की त्यात शिट्टी वाजते. कानाने मला आता फारसं काही कळत नाही, अम्मा. मी खांदे बघतो. गाणाऱ्याचे खांदे श्वासाला हलतात. तुमचं तोंड हलत होतं, खांदे नव्हते." मग हँगर उचलून तिच्या हातात देत म्हणाले, "वर जाता येत नसेल तर आपली ओळ म्हणा. गप्प राहू नका. तिथे भोक पडतं."

घरी येताना कनकाच्या डोक्यात नुसता काला झाला होता. म्हणजे त्या "आहात" ला काडीचा अर्थ नव्हता! सुराचं ह्यांना काही कळतच नाही, हे खांदे बघतात. मग मी सुरात आहे की नाही? ते होतं तिथेच राहिलं. पण दुसरीकडे, तिच्या गप्प राहण्याने भोक पडतं असं आजवर तिला कोणीही सांगितलं नव्हतं. अप्पांच्या भजनात तिच्या गप्प राहण्याने भोक बुजत असे. आनंद मानावा की दुःख, हे तिला मैलापूर स्टेशन येईपर्यंत ठरवता आलं नाही. रुचिरा कानात गाणी घालून शेजारी डुलत होती.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी अप्पांच्या तिथीचं भजन होतं. मार्गळीचा, म्हणजे नाताळच्या सुमाराचा तमिळ महिना, मैलापूरच्या सगळ्या सभांतून संगीत चाललेलं, त्यामुळे वादिराजकडे माणसं बेताचीच, बहुतेक अप्पांच्या वेळची. रुचिराही हौसेने आली. अप्पांच्या फोटोला हार, समोर ती श्रुतिपेटी, तिच्या खुंटीवर पिवळी पडलेली पट्टी. कनका भिंतीला टेकून नेहमीच्या जागी बसली. समोर वादिराजची पाठ.

अप्पांचा लाडका अभंग सुरू झाला. वादिराजचे टाळ खणखणत होते. चाल वर चढली, सगळ्यांत उंच जागी गेली, दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी ती कशीबशी तोलली, आणि कनकाची नजर भावाच्या पाठीवर खिळली. खांदे हलत नव्हते.

आपल्याला भास झाला असेल, तिला वाटलं. सरांनी उगाच डोक्यात भरवून दिलं. ती जरा बाजूला सरकली, त्याचा गाल दिसेल अशी. दुसऱ्या फेरीला चाल त्याच जागी आली. वादिराजचं तोंड हलत होतं, मान डोलत होती, टाळ वाजत होते. खांदे स्वस्थ. अण्णा गात नव्हता. खोलीतल्या दुसऱ्या कोणालाही हे दिसलं नसतं, पण चोराची पावलं चोराला ठाऊक.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. उगाच लपवायचं कशाला, चांगला दुष्ट आनंद झाला. मग त्या पाठीची कीव आली. मग फोटोतल्या माणसाचा असा राग आला की तिने नजर वळवली, तिथीच्या दिवशी असला राग धरणं पाप म्हणून. या तिन्हीतलं खरं कोणतं, हे कळायच्या आत चाल तिसऱ्यांदा वर निघाली. एक म्हातारा खोकत थांबला. तिथे भोक पडलं. कनकाने श्वास घेतला आणि आपल्या खालच्या सुरावर उतरून मोठ्याने म्हटलं.

बायका वळल्या. मृदंगवाल्याने वर पाहिलं. वादिराजने टाळ थांबवले आणि मागे वळून बघितलं, हुबेहूब अप्पांसारखं. "कनके," तो म्हणाला.

ती उठली. गुडघे कटकन वाजले. सगळ्यांच्या मधून चालत ती पुढे गेली आणि त्याच्याजवळ वाकून, त्याला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "अण्णा, तूं तोंड हलवतोस."

त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्याने टाळांची दोरी बोटाला गुंडाळली. "गळा जात नाहीं ग वर," तो पुटपुटला. "अप्पांची श्रुती. ती कशी उतरवूं?"

कनकाने श्रुतिपेटी पुढे ओढली आणि खुंटीवरची पट्टी नखाने खरवडायला घेतली. पट्टी जुनी, सोडता सोडेना. वादिराजचा हात तिला थांबवायला निघाला आणि मधेच, हवेतच राहिला. पट्टी तुकड्यातुकड्याने निघाली. तिने खुंटी खाली फिरवली. आणखी खाली. गुणगुणून पाहिलं. आणखी थोडी. "तुला?" तिने विचारलं. वादिराजने हुंकार भरून पाहिला आणि फोटोकडे न बघता मान हलवली.

अभंग पुन्हा पहिल्यापासून. या वेळी कनका पुढेच बसली, भावाच्या शेजारी. चाल चढायला लागली तशी ती बरोबर चढली. ती उंच जागा जवळ आली, तिचे खांदे आपोआप आखडले, आणि गळा सरळ तिथे जाऊन बसला. जिन्याची पायरी अंधारात आपसूक पायाखाली यावी तसा. श्रुतिपेटी आणि तिचा आवाज यांत केसाएवढं अंतर नव्हतं. हे कोणाला विचारायची गरज नव्हती. तिला स्वतःलाच ऐकू येत होतं.

एवढंच होतं? फक्त एवढंच? त्या शनिवारपासून आजपर्यंत, ती सोज्जी, ते बज्जीचे घाणे, तो झोपाळ्यावरचा हशा, हे सगळं एका खुंटीपायी? डोळे भरून आले, आणि ते रागाने की आनंदाने हे तिला अजिबात सांगता येईना. फोटोतले अप्पा नेहमीसारखेच बघत होते. त्यांना माफ करावं तर ते जमत नव्हतं, आणि भांडावं तर माणूस जाऊन कितीतरी वर्षं झालेली.

दुसरी फेरी सुरू झाली. वादिराज आता मोकळा गात होता, जरा घोगरा, पण त्याचा स्वतःचा. कनकाने त्याच्या खांद्याकडे पाहिलं. हलत होता. मग तिने चाल त्याच्याकडे सोडली आणि आपली आपण खाली उतरली, त्या जुन्या कडेच्या सुरावर. आज गळा पोचत नाही म्हणून नव्हे, तिथे बरं वाटतं म्हणून. वादिराज गोंधळून तिच्याकडे वळला. हिचं चुकतंय हे त्याला कळत होतं, आणि आपलं गाणं मात्र कोणीतरी खालून हात दिल्यासारखं वर उचललं जातंय, हेही कळत होतं. दोन्ही एकदम कसं कळावं हे काही त्याला उमगलं नाही. पण त्याने टाळ थांबवले नाहीत. बायकांमध्ये बसलेली रुचिरा ओढणीचं टोक तोंडावर धरून होती, आणि ते हसू होतं की काय, देव जाणे.

सुंडलचं पातेलं घेऊन त्रिपुरसुंदरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, उघड्या पडलेल्या खुंटीकडे पाहिलं.

"हें कुठलें गाणें?" तिने विचारलं.

कनकाला उत्तर देता आलं नाही. ती गात होती.